उजवी घे

त्या रविवारी सकाळी मी सारंगखेड्याच्या पंपावर थांबलो, टायरमधली हवा तपासून घेतली आणि शहाद्याच्या रस्त्याला लागलो. डिसेंबर होता. तापीवरून धुकं उठत होतं. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा वास काचेतून आत येत होता. मनात भीतीबिती काही नव्हती. वर्षभर वाट पाहिलेला दिवस होता तो.

मी चंदन, वीज उपकेंद्रात नोकरीला आहे. घरची शेती भाऊ बघतो. मला कॉलेजपासून एकच वेड, दोन हजार दोन सालची जपानी व्हीटेक. दिसायला साधी चार दारांची गाडी, पण आरपीएमचा काटा साडेपाच हजारांच्या पुढे गेला की इंजिनाचा आवाजच पालटतो. इतका वेळ कण्हणारं काहीतरी एकदम गळा मोकळा सोडून गाऊ लागतं. ती मला धडगावच्या विनोदभाऊंकडून मिळाली. विनोदभाऊ मूळचे शहाद्याकडचे, रॅलीत गाडी चालवायचे. शेजारच्या सीटवर बसून वहीतली वळणं वाचून दाखवायचा तो रायसिंग, काठी गावाकडचा. सहा वर्षांपूर्वी सराव करताना धडगावच्या घाटात हीच गाडी दरीत गेली आणि खाली सागाच्या झाडाला अडकली. रायसिंग गेला, विनोदभाऊ वाचले. वळण डावं होतं, रायसिंगनं उजवं वाचलं, असंच तेव्हा सगळे म्हणाले. विनोदभाऊंनी गाडी स्वतःच्या हातानं उभी केली, पण तिच्यात परत बसले नाहीत. मला किल्ली देताना एवढंच म्हणाले, की हळू चालव.

हळू चालवायला मी ती घेतलीच नव्हती.

शहाद्याबाहेर एक कारखाना बरीच वर्षं बंद पडलाय. त्याच्या आवारातल्या डांबरी रस्त्यांवर आम्ही दहा-बारा हौशी लोक परवानगी काढून शंकू मांडतो आणि घड्याळ लावून एकेक गाडी सोडतो. धुकं जरा विरळ झाल्यावर माझा नंबर आला. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत काटा वर चढला, आवाज पालटला, आणि गाडीत एक वास भरला. ओल्या सागाच्या पानांचा. त्या आवारात सागाचं एकही झाड नाही.

मग डाव्या कानाशी, हेल्मेटच्या आत म्हणावं इतक्या जवळ, कोणीतरी बोललं.

"डावी... लांब."

आवाज शांत होता, वाचून दाखवल्यासारखा. मी विचार करायच्या आधीच हात फिरले. पुढचं वळण, त्याच्या पुढचं, प्रत्येक वळण मला आधी कळत होतं. कुठे ब्रेक सोडायचा, कुठे धरून ठेवायचा, सगळं. ती फेरी माझ्या आजवरच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा चार सेकंदांनी लवकर संपली. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. ते बरं वाटणंच मला आता जास्त छळतं.

तिसऱ्या फेरीला नदीकडून धुक्याचा लोट आला. थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. गोदामामागे रस्ता डावीकडे वळतो, उजवीकडे नुसतं वाळकं गवत आहे. मी डावीकडे घेणार, तोच...

"उजवी... उजवी घे."

मी घेतली. गाडी गवतातून घसरत गेली आणि बंद पडली. त्याच क्षणी डावीकडून हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर मागच्या फाटकातून आत शिरून बरोब्बर वळणावर आडवा उभा होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि रस्त्यावरच बसला. मी बाजूच्या सीटकडे पाहिलं. ती रिकामी होती. पट्टा मात्र ताणून लावलेला होता.

तीन दिवसांनी रजा काढून मी तीच गाडी घेऊन धडगावला गेलो. विनोदभाऊंचं तिथे स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान आहे, आणि दुकानामागेच रायसिंगची बायको सोमीबाई राहते. मी आधी तिच्याकडेच गेलो. झालं ते सगळं सांगितलं, आणि म्हटलं, ताई, तुमच्या नवऱ्यानं मला वाचवलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग बाजारात शिकलेल्या मराठीत जपून म्हणाली, "म्हणजे त्याला नीट वाचता येत होतं."

सहा वर्षं गाव तिला काय म्हणत आलं असेल, ते त्या एका वाक्यात मला कळलं.

दुकानात येऊन मी विनोदभाऊंनाही तेच सांगितलं. माझं होईपर्यंत ते हातातला बोल्ट पुसत राहिले. मग उठून त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"तो रायसिंग नव्हता, चंदन."

"मग कोण?" मी विचारलं. ते आपल्या अहिराणीवर आले.

"त्या दिवशी बी माले तसंच ऐकू उनं. उजवी घे. माले वाटनं रायसिंगच सांगी ऱ्हायना. स्टेअरिंग फिरावता फिरावता मी त्यानाकडे देखं." त्यांनी बोल्ट खाली ठेवला. "त्यानं तोंड बंद व्हतं. तो मन्हाकडे देखी ऱ्हायना व्हता... की हाई कोन बोलनं."

बाहेर एक जीपवाला प्रवाशांना हाका मारत होता. दुकानात तेलाचा वास होता, थंडी होती. ते हे कोणापाशी कधी का बोलले नाहीत, असं मी विचारलं. कोन मानी, म्हणाले. आणि मान खाली घालून पुढे म्हणाले, की रायसिंग चुकला असं लोक म्हणत होते तोवर आपण सुटलो होतो.

खणातून त्यांनी एक वही काढली. पानं पाण्यानं फुगलेली होती. घाटाच्या त्या वळणापुढे पेन्सिलीनं स्वच्छ लिहिलेलं होतं, डावी. मी म्हटलं, ही वही तुमच्याजवळ ठेवायची नाही, भाऊ. ते वही घेऊन मागे सोमीबाईकडे गेले. मी दारातून पाहत होतो. सोमीबाईला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. ती रडली नाही. तिनं त्यांना बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. वही पदराखाली घेऊन ती आत गेली.

माझ्या उजवीकडे गवत होतं, त्यांच्या उजवीकडे दरी. गाडी मी तिथेच दुकानामागे सोडली. किल्लीसुद्धा.

दिवस मावळायच्या आत खाली उतरावं म्हणून मी भरलेल्या जीपमध्ये मधल्या रांगेत कसाबसा शिरलो. एका बाजूला बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेली म्हातारी, दुसऱ्या बाजूला झोपलेला मास्तर. गाणं चालू होतं. गाडीपासून जितका लांब जात होतो तितका श्वास मोकळा होत होता. पहिली दोन वळणं गेली. समोर तिसरं दिसू लागलं, डावीकडे वळणारं, आणि उजवीकडे दरीतल्या सागांचे नुसते शेंडे.

ड्रायव्हरनं जीप हळू केली. हात लांब करून गाणं बंद केलं आणि आरशातून आमच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

जीपमध्ये कोणीच काही बोललं नव्हतं.