उघाडीवरचा भाता

भाता मिनिटाला चौदा वेळा फुगायचा.

मी दारात आले की… अठरा.

हे मी घड्याळ समोर ठेवून, रोग्याची नाडी मोजावी तसं मोजलं आहे. एकदा नाही, एकेचाळीस वेळा. दगडाच्या वजनावर चालणाऱ्या यंत्राचा वेग दारात कोण आलं यावर बदलत नाही.

तरी बदलायचा.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. रात्री नाही, भर दुपारी. ३ मार्च १८९१, मंगळवार, वद्य अष्टमी. ठाण्याच्या खाडीवर, कळव्याच्या बाजूच्या मिठागरात, उघाडीवरच्या झोपडीत. मी मुंबईला वैद्यकी शिकले आहे, ठाण्याच्या दवाखान्यात बायकांना तपासते. ऐकीव गोष्टी लिहायची मला सवय नाही.

उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीचं पाणी तिच्यातून आत घ्यायचं आणि वेळेवर झडप पाडायची. उधाणात उशीर झाला की बांध फुटतो. म्हणून तिथे सतत एक माणूस राखणीला असायचा. १८८६ च्या उधाणात तिथे बसलेल्या पंढरीला झोप लागली.

तो सापडलाच नाही.

मिठागराचा मुकादम काळुराम हा त्याचा थोरला भाऊ. माझा भाऊ फेलिक्स हा पंढरीचा मित्र. फेलिक्स घड्याळं आणि चर्चमधली बाजाची पेटी दुरुस्त करायचा. पंढरी गेल्यावर त्याने उघाडीसाठी एक राखणदार बनवला. लाकडी पेटी, आत चाकं, चामड्याचा भाता आणि सूर काढणारी एक पितळी पट्टी.

एक सूर, पाणी येतंय. दोन सूर, झडप पाडा.

"नुसतं यंत्र चुकतं, विनी," तो मला म्हणाला. "त्याला भीती वाटली पाहिजे. भ्यालेला कधी झोपत नाही."

मग वर्षभर, प्रत्येक भरतीला, त्याने ती पेटी दोराने उघाडीच्या पाण्यात सोडली. सूर वाजला की वर घ्यायची. आधी ती भिजल्यावर वाजायची. मग पाणी टेकण्याआधी. मग पाणी दिसण्याआधी.

आत असं काय ठेवलं होतं, ते त्याने मला कधी दाखवलं नाही.

चार वर्षं कुणी बुडालं नाही. नारळी पौर्णिमेला काळुराम एक नारळ खाडीला द्यायचा, एक पेटीला.

पण पेटी कधीकधी तीन सूर काढायची…

"तीन म्हणजे काय?" मी फेलिक्सला विचारलं.

"ते मी शिकवलेलं नाही," तो म्हणाला. "पाण्यात असली की वाजवते. मला वर घ्या, असं असावं."

१८९० च्या नोव्हेंबरात फेलिक्स तापाने गेला. शेवटच्या दिवशी तो शुद्धीवर होता.

"मी त्याला भीती शिकवली, विनी. ती विसरायला कसं शिकवायचं, ते मला येत नाही. तू थांबव त्याला."

मी हो म्हटलं.

आणि थांबवलं नाही. तीन महिने माझ्या पिशवीत धारदार चाकू होता. भाता एका चिरेत फाटला असता. मी जायचे, मोजायचे, परत यायचे.

शेवटी मी एक पळवाट काढली. वजनाचा दगड काळुराम रोज सकाळी वर चढवायचा. दोर एक दिवस पुरायचा. मी त्याला म्हटलं, भांगेचे दिवस आहेत, भरतीला जोर नाही, तोवर दगड मी चढवते. रविवारी मी तो चढवला नाही. सोमवारीही नाही. पेटी आपोआप बंद पडेल. कुणी मारलं असं होणार नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता मी आईला घेऊन गेले. माझी आई सेलेस्टीन सुईण होती. जन्मताच जाणाऱ्या मुलाला पाद्रीची वाट बघता येत नाही. तेव्हा सुईणच डोक्यावर तीनदा पाणी घालून बाप्तिस्मा देते. पेटीसाठीही आईने तोच आग्रह धरला होता, "जायचाच असला, तर नाव घेऊन जाऊ दे गो त्याला."

मी दार ढकललं.

दगड जमिनीवर होता. दोर सैल.

आणि भाता… फुगत होता.

मी चाकांना बोट लावलं. गार. एकही दात हलत नव्हता. फक्त भाता. अठरा.

बाहेर पूर्ण ओहोटी. पाणी शंभर पावलं मागे गेलेलं. पेटी कोरडी.

एक… दोन… तीन.

थोडं थांबून पुन्हा.

एक… दोन… तीन.

तेव्हा मला कळलं. फेलिक्स गेल्यापासून तिला वर घेणारं कुणी नव्हतं. तिच्या लेखी ती अजून पाण्यातच होती.

"नाडी बघतेस काय गो बाय त्याची?" मागून काळुराम आला. "दवाखान्यात मानसा कमी परली काय?"

मग त्याला दगड दिसला. त्याचं हसू गेलं.

"कवापासून खाली हाय?"

"रविवारपासून."

"मना बोललीस, तू चरवतेस."

"खोटं बोलले, काळुरामभाऊ."

त्याने भात्याकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. दोन पावलं मागे सरला. पण बाहेर गेला नाही.

आईने बाप्तिस्म्यासाठी आणलेल्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढलं. पाणी आत हललं, तेवढाच आवाज.

भाता थरथरला. तीस… चाळीस… मग मला मोजता येईना. सूर तुटेना.

आईने घाईने बूच लावलं. बाटली पदराआड धरली.

"सव्वीस पोरांना पानी घातलाय मी," ती म्हणाली. "एक पन असा भ्याला नाय. त्याला जीव नसता, विनी, तर…"



भाता हळूहळू अठरावर आला. एक… दोन… तीन.

"बंद कर," काळुराम एकदम म्हणाला. "मी नाय अडवत. मना पन आयकू येतंय. पन अमावास्येला उधान हाय. तवा हितं कोनाला बसवू? नाव सांग. माज्या घरातला एक दिलाय मी."

मी पिशवीतून चाकू काढला. हातात धरून उभी राहिले.

त्याला सात वर्षं झाली. मी केलं ते बरोबर होतं का, मला माहीत नाही. फाटका भाता माझ्या ट्रंकेत आहे, कापडात गुंडाळून. उधाणाच्या दिवशी मी ट्रंकेवर हात ठेवत नाही. एकदा ठेवला होता. काय मोजलं, ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी मी आईकडे पाहिलं नाही, काळुरामकडेही नाही. पेटीपुढे खाली बसले. तिचं लाकूड ऊबदार होतं.

"मी तुला आत्ता थांबवणार आहे," मी तिला म्हटलं. "पाणी नाही लावणार. अमावास्येला तुझ्या जागी मी बसेन."