डाव्या घडीची चादर

पहाटेचे चार वाजले होते. धाकटीला जाग आली ती आवाजानं.

फट्...

कापड ताणून झटकल्याचा आवाज. शेजारच्या खोलीतून.

त्या खोलीत तिची आई झोपत असे. खरं तर तिला तिथे झोपवत असत. झोप अशी तिला दोन वर्षं उरलीच नव्हती.

पुन्हा... फट्.

मग पावलं. सावकाश, पलंगापासून दारापर्यंत. एकाच माणसाची.

मग आईचा आवाज. हळू, लाडातला. "घे. धर नीट."

आणि त्यानंतर काहीच नाही. फक्त घोरणं. गाढ झोपलेल्या माणसाचं.

हे सगळं खरं घडलेलं आहे. ज्या घरात घडलं ती माणसं भुताखेतांच्या नादाला लागणारी नाहीत. धाकटीनं स्वतः सांगितलं तेव्हा तिचा नवरा शेजारी बसला होता. असल्या गोष्टींना तो हसतो. त्या दिवशी हसला नाही, आणि बायकोचं एकही वाक्य त्यानं खोडलं नाही.

सकाळी धाकटी आईच्या खोलीत गेली. पलंगाच्या पायथ्याशी डबलची मोठी चादर होती.

घडी घातलेली. कोपऱ्याला कोपरा. मध्ये एक सुरकुती नाही.

आता हे कळायला त्या घराचा धंदा माहीत हवा. आईनं चाळीस वर्षं लाँड्री चालवली. लॉज आणि दवाखान्यांच्या चादरी तिच्याकडे येत. तेवढी मोठी चादर एकट्यानं नीट घडी होत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात. त्या झटक्यानंच मधली सुरकुती जाते. मग एकजण चालत जाऊन आपली टोकं समोरचीच्या हातात देते. समोरची जागची हलत नाही. शेवटची घडी तिची.

चालत जायची ती आई.

समोर उभी असायची ती थोरली.

थोरली डावखुरी. आई तिला डावरीच म्हणायची. तिनं घातलेल्या घडीची मोकळी कड डावीकडे पडे. बाकी सगळ्या जगाची उजवीकडे. गठ्ठा उघडला की गिऱ्हाईक ओळखायचं, माल कुठून आलाय ते.

धाकटीलाही एक-दोनदा समोर उभं केलं होतं. तिचा एक कोपरा नेहमी बोटभर बाहेर राही.

"बघ, तुझा कोपरा जीभ काढून दाखवतोय," आई म्हणायची. सगळ्या कामवाल्या हसायच्या. मग धाकटीला उशांचे अभ्रे आणि टॉवेल मिळत. एकटीनं घडी घालायच्या गोष्टी.

थोरली नऊ वर्षांपूर्वी वारली. तापानं, चार दिवसांत. तेव्हापासून आईला सांभाळलं धाकटीनं. आई विसरायला लागली तेव्हाही तीच. आंघोळ तिनं घातली, घास तिनं भरवले, आई रात्री बाहेर पडू नये म्हणून खोलीच्या दाराला वरची कडी तिनं बसवून घेतली.

आणि त्या सकाळी पायथ्याशी ती चादर होती.

मोकळी कड... डावीकडे.

"आई, चादर कुणी घडी केली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि डावरी." आईचे डोळे स्वच्छ होते. कितीतरी महिन्यांनी. "तू घोरत होतीस. म्हटलं, झोपू दे बिचारीला."

बिचारी. धाकटीला तो शब्द लागला.

नवरा वीजकाम करणारा माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीची वायर कुठून येते ते हवं असतं.

"अगं, पलंगाच्या दांडीला एक बाजू बांधत असतील," तो म्हणाला. "चाळीस वर्षांचा हात आहे आईंचा."

"मग करून दाखवा तुम्ही."

त्यानं दांडीला चादर बांधली, ओढली, झटकली. पलंग पुढे सरकला. चादरीची वळकटी झाली.

"सासूबाई, पास का?" त्यानं विचारलं.

"जावईबापू, तुम्ही आपले दिवेच लावा," आई म्हणाली.

तिघंही हसले. आईनं त्याला ओळखलं होतं. पण हसता हसता नवऱ्याची नजर पायथ्याच्या त्या घडी घातलेल्या चादरीवर गेली, आणि तो दांडीची गाठ सोडायला लागला.

आईला तपासणारे डॉक्टर सुरुवातीपासून एकच सांगत होते. झोप जपा. "लाँड्रीच्या भाषेत सांगतो," ते म्हणाले होते, "गाढ झोपेत मेंदूची धुलाई होते, असं आता मानलं जातं. झोप मोडली की मळ साचतो. मळ साचला की झोप आणखी मोडते. आधी कोण, नंतर कोण, ते आम्हालाही छातीठोक सांगता येत नाही."

त्यानंतर ज्या रात्री भिंतीपलीकडून तो आवाज येई, त्या रात्री आई झोपे. दुसऱ्या दिवशी तिला माणसं कळत. दुधाचा हिशोब काढी, जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करी.

ज्या रात्री आवाज येत नसे, त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी ती धाकटीला विचारी, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, कोण का येईना, आईला झोप लागतेय ना.

धाकटीच्या पोटात दुखलं.

तिनं औषधं बदलून पाहिली होती. पाय चेपले होते, गरम दूध दिलं होतं, डोक्यावर हात फिरवत उजाडेपर्यंत बसली होती. तिच्या हातून आईला एक डुलकी लागली नव्हती. आणि जी नऊ वर्षांपूर्वी निघून गेली, ती येते, चादरीचं टोक धरते, आणि आई घोरायला लागते.

जिवंत माणसाशी भांडता येतं. मेलेल्याशी काय भांडणार?

शेवटी ती भांडलीच. आपल्या पद्धतीनं.

एका दुपारी तिनं घरातल्या सगळ्या डबलच्या चादरी गोळा केल्या, पोत्यात भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. आईच्या पलंगावर घातली कडेला इलॅस्टिक असलेली चादर. गादीला घट्ट बसणारी. जिची कुणालाच घडी घालता येत नाही.

त्या रात्री आवाज आला नाही.

दुसऱ्या रात्रीही नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं दिवा लावला तर आई खोलीच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात पुढे. मुठी आवळलेल्या. मुठीत काही नाही.

हात मात्र थरथरत नव्हते. ताणलेले होते...

समोरून कुणीतरी ओढून धरावं तसे.

"आई, हात खाली घे."

"ती सोडत नाहीये," आई म्हणाली. "नुसतंच धरून उभी आहे. कापड कुठे गेलं, विचारतेय."

धाकटीनं आईचे हात धरून खाली करायचा प्रयत्न केला. झाले नाहीत. ऐंशीच्या घरातली काडीसारखी बाई, पण ते हात नवऱ्याला बोलावूनही खाली झाले नाहीत. पुष्कळ वेळानं आपोआप सुटले, आणि आई मागे पलंगावर पडली. दोरी तुटल्यासारखी.

तो आठवडा वाईट गेला. आई बसल्या बसल्या पेंगायची, दचकून उठायची, झोपायची नाही. आधी जावयाला विसरली. मग घास गिळायचा असतो, हे विसरली.

"झोप नाही तर काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "मध्ये सुधारल्या होत्या ना? तेव्हा काय करत होता तुम्ही?"

धाकटी खुर्चीवरून उठली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला शिडीवर चढवलं. पोतं खाली काढलं. एक चादर उपसली.

पण तिनं ती पायथ्याशी ठेवली नाही. दिवस मावळत होता, आईची घालमेल सुरू झाली होती. धाकटी दाराकडे पाठ करून उभी राहिली. थोरलीच्या जागी. चादरीची दोन टोकं आईच्या हातात दिली, दोन आपण धरली.

"चल आई. मी आहे समोर."

आईनं टोकं धरली. बोटांना सगळं आठवत होतं. ताणलं.

फट्...

धाकटी सांगते, तेवढा एक झटका तिला पुरला असता. आईनं तिच्याकडे पाहिलं होतं. नीट, ओळखून.

"धाकटे," आई म्हणाली. "हात सोड."

"का? जमेल मला."

"तिला जागा दे. मागे ताटकळलीय कधीची."

धाकटीच्या मागे दार होतं. दाराला वरची कडी घातलेली होती.

तिनं मागे पाहिलं नाही.

मग तिच्या बोटांतलं कापड हललं. हिसका नाही. मोठ्या बहिणीनं धाकटीच्या हातातली जड पिशवी काढून घ्यावी, तसं. आधी डाव्या हातातलं टोक गेलं...

मग उजव्या.

चादर खाली पडली नाही.

एवढं धाकटीनं पाहिलं, आणि भिंतीला घासत बाजूनं, कडी काढून बाहेर आली. स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथे तिला पावलं ऐकू आली, मग आईचं ते लाडाचं "घे", आणि मग घोरणं.

सकाळी आईनं हाक मारली, "धाकटे, चहा टाकलास का गं?" आणि चहा पिताना तिच्या गालाला हात लावला. घडी पायथ्याशी होती. कड डावीकडे.

त्यानंतर रोज संध्याकाळी धाकटी स्वतःच ती चादर उलगडून ठेवी. "सवतीचं अंथरूण घालावं तसं वाटायचं," ती म्हणते. पण घाली. कारण सकाळचा तो हात आता तिला हवा होता, आणि तो कुणाच्या कृपेनं मिळतो ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आई थंडीत गेली. झोपेत. सकाळी चादर घडी केलेली नव्हती. एक बाजू आईच्या मुठीत होती आणि बाकीची पलंगापासून दारापर्यंत सरळ पसरली होती.

ताणलेली. एक सुरकुती नाही.

"नेलीच शेवटी," धाकटी म्हणाली. रडण्याआधी तिच्या तोंडून निघालं ते हेच.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

या गोष्टीला वर्ष झालं. धाकटी आता अठ्ठावन्नची आहे. गेले काही महिने तिची झोप मोडते, असं नवरा म्हणतो. ती म्हणते, मी तर सलग झोपते.

"अगं, पहाटे उठून आईंच्या खोलीत जातेस तू. मी हाक मारली तर बघितलंस माझ्याकडे, आणि ‘कोण पाहिजे?’ म्हणालीस."

"काहीतरीच काय."

गॅस दोनदा चालू राहिला. शेजारणीचं नाव ऐन वेळी सापडलं नाही. या वयात होतं असं कुणाचंही, ती म्हणते.

मग एका सकाळी आईच्या रिकाम्या पलंगावर एक चादर मिळाली. डबलची. घडी घातलेली.

कड डावीकडे.

आणि एक कोपरा... बोटभर बाहेर. जीभ काढून दाखवणारा.

धाकटीनं ती नवऱ्याला दाखवली. त्यानं बाहेर राहिलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तू केलीस?"

"मला आठवत नाही."

"आणि समोर?"

तिनं चादर परत पलंगावर ठेवली. म्हणाली ते एवढंच, "मग आई का नाही आली?"

डॉक्टरांची वेळ नवऱ्यानं घेतली होती. ती गेली नाही. आता पुढच्या आठवड्यातली घेतली आहे. दरम्यान त्या पलंगावर आणखी चादरी मिळाल्या. धाकटीनं त्या मोडल्या नाहीत, एकावर एक रचून ठेवल्या आहेत. सगळ्यांची कड डावीकडे आहे.

सर्वांत खालच्या चादरीचा कोपरा बोटभर बाहेर आहे. वरच्यांचा त्याहून कमी.

काल सकाळी मिळालेल्या चादरीचा, जेमतेम नखभर.