पलंगाखालची धडधड

त्या वर्षी औरंगाबादेत पाण्याच्या टँकरमागं माणसं धावत होती, आणि शेंद्र्याच्या बाजूला शेतांमध्ये इमारती उठत होत्या. त्यातल्याच एका इमारतीत, तळमजल्यावर, आप्पासाहेब आणि साळूबाई राहायला आले होते.

आप्पासाहेबांच्या छातीत पेसमेकर होता. दवाखान्यात तपासणीला आले तेव्हा दमयंतीनं त्यांच्या छातीवर यंत्राची चकती ठेवली आणि पडद्याकडं बघत राहिली. पेसमेकर तपासणं हेच तिचं काम.

"आप्पा, दुपारी धडधडतं का हो?"

"नाय बा. दुपारी मी निवांत झोपतो."

पेसमेकरचं म्हणणं वेगळं होतं. रोज दुपारी हृदयाचा वरचा कप्पा बेफाम पळत होता. अशा वेळी पेसमेकर त्याच्या मागं पळणं सोडतो आणि खालच्या कप्प्याला आपल्या संथ ठेक्यावर चालवतो. तसं त्यानं रोज केलं होतं. पण वरच्या कप्प्याचे ठोके असे एकसारखे कसे? बिघडलेलं हृदय वेडंवाकडं पळतं. घरात कुठं वीज उतरत असेल, तर तिलाही पेसमेकर ठोके समजतो. तेच असावं, असं तिला वाटलं.

दुसऱ्याच दुपारी ती यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेली. आप्पासाहेब पलंगावर आडवे झाले. तिनं चकती ठेवली मात्र, वरचा कप्पा पळू लागला. तिनं घराची वीज बंद करायला लावली. पंखा थांबला. ठोके थांबले नाहीत.

"उठून त्या खोलीत जाऊन पडा बरं, आप्पा."

तिथं चकती ठेवली, तर सगळं सुरळीत.

दमयंती चक्रावली. "साळूबाई, या पलंगाखाली काय आहे?"

"काय असणार? फरशी." साळूबाईंनी पायानं फरशी दाखवली. "आधी आमची विहीर व्हती इथं. लई वर्सं कोरडीच. जमीन बिल्डरला दिली, त्यांनी बुजवली."

"विहिरीत कधी कुणी..."

"नाय. कुणीच नाय. जनावरसुद्धा नाय."

आप्पासाहेबांना तिकडंच पडू देऊन साळूबाई चहा टाकायला गेल्या. दमयंती यंत्र आवरायला पलंगापाशी आली. चकती तिनं गादीवर टेकवली आणि वायर गुंडाळू लागली.

पडदा उजळला.

वरचा कप्पा. खालचा कप्पा. दोन्ही चालू होते. चकती पेसमेकरवर टेकल्याशिवाय पडद्यावर रेघसुद्धा उमटत नाही, आणि पेसमेकर तर भिंतीपलीकडं, आप्पासाहेबांच्या छातीत. यंत्र बिघडलं म्हणावं, तर ठोके स्वच्छ होते. खोलीत ओल्या मातीचा वास येऊ लागला होता. तो कुठून येतोय, हेही तिला उमगेना.

"म्याडम..." आप्पासाहेबांचा आवाज आला. "ते छातीवरचं काढा आता... लई गार लागतंय."

तिनं चकती झटकन उचलली.

"काढलं, आप्पा," ती कशीबशी म्हणाली.

"हां... आता बरं वाटतंय."

साळूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, ताई. त्यांचा कवाचाच डोळा लागलाय."

भिंतीपलीकडून आप्पासाहेबांचं संथ घोरणं ऐकू येत होतं.