पोत्याच्या जागी

त्या गाडीत माझं काम होतं वजन म्हणून बसायचं.

आमच्या कारखान्याची पहिलीवहिली मोटार देग्वाल्योंगच्या घाटात तपासायची होती. मागच्या सीटवरचं वाळूचं पोतं ऐन वेळी फाटलं, आणि मुकादमानं शिवण खात्यातून मला उठवलं. "सुनिम, सीट तूच शिवलीस ना? मग बसून बघ."

गाडी चालवणारा बे ह्योंगचोल आरशातून बघत म्हणाला, "वजन लिहायचंय. किती?"

"बावन्न किलो."

"पोतं पन्नासचं होतं."

"पोतं जेवून आलेलं नसतं."

तो हसला नाही, पण त्याचे कान लाल झाले.

चढणीवर मला काहीतरी जळल्याचा वास आला. पण वजनानं कशाला बोलायचं... गप्प बसले. घाटमाथा ओलांडून उतार लागला, दुसऱ्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला, आणि पाय थेट पायाखालच्या फळीला टेकला; ब्रेक लागलाच नाही.

"सीट घट्ट धरा," तो म्हणाला. अगदी हळू, चहा घेणार का विचारावं तसं.

त्यानं गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं. समोर दरी आली, सरकली, आणि मग सगळं पांढरं झालं... गाडी बर्फाच्या ढिगात घुसून थांबली होती.

मी सीटची शिवण चाचपली; उसवली नव्हती.

तो मात्र स्टिअरिंगकडे बघत होता. "मागच्या महिन्यात हीच गाडी माझ्याआधीचे चालक योम काका उतरवत होते, तेव्हाही ब्रेक इथंच गेले. सतत ब्रेक दाबून उतरलात, चूक तुमची, म्हणून साहेबांनी घरी बसवलं त्यांना. आता मलाही—"

"चढतानाच वास येत होता," मी कसंबसं म्हटलं. "मागच्या चाकातून."

तो गर्रकन वळला. "चढताना? चढताना तर मी ब्रेकला पायच लावला नाही."

बर्फ उकरून तो गाडीखाली शिरला. "उठा... आता बसा. परत उठा."

"कवायत चाललीय का माझी?"

"हँडब्रेकची तार," खालून आवाज आला. "तुम्ही बसलात की ताणली जाते. म्हणजे मागचे ब्रेक अख्ख्या चढणीत घासत होते. तापून ब्रेकचं तेल उकळलं, दाबच उरला नाही. योम काकांच्या वेळीही मागे पोतं होतंच... पण पोत्याला नाक नव्हतं."

तार लांब केली गेली. योम काका कामावर परतले. अहवालात त्यानं लिहिलं, 'दोष सुनिम, शिवण खातं, यांच्यामुळे सापडला.' कारखान्यात माझं नाव प्रथमच हजेरीबाहेर कुठे लिहिलं गेलं होतं. वाचून मी सुई हातात तशीच धरून बसले.

पुढच्या चाचणीला मात्र मागच्या सीटवर पोतं दिसलं.

"मी नको?" माझा आवाज चिरकला.

"मीच सांगितलं तसं." तो बुटांकडे बघत होता. "आठ वर्षं गाड्या चालवतोय, कधी भीती वाटली नाही. त्या वळणावर वाटली... तुम्ही मागे होतात म्हणून. अशा माणसानं चाचणी कशी घ्यायची?"

मी सीटवरच्या पोत्यावर हात टेकला.

"मग रविवारी बसनं जाऊ," मी म्हटलं. "समुद्रावर. चालवणारा दुसराच असेल."

बसमध्ये प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय फळी दाबत होता. चौथ्या वळणावर मी पिशवीखाली त्याचा हात धरला.

पाय सैल पडला.