धर, सोड, थांब

माझा नेम कधी चुकत नाही. त्या दिवशी चुकला, आणि तोही असा चुकला की विचारू नका!

झाडावर दोर चढवायचा तर आधी बारीक दोरीला वाळूची पिशवी बांधायची आणि ती उंच फांदीवरून पलीकडे भिरकावायची. मी मोठ्या झोकात भिरकावली. पिशवी फांदी चुकवून, भिंत ओलांडून, थेट रस्त्यावर! पलीकडून "आई गं!" ऐकू आलं. थोड्या वेळाने फाटकातून एक उंच, सावळा मुलगा खांदा चोळत आत आला. हातात पिशवी, मागे फरफटणारी दोरी…

"ही तुमची का?"

"अय्या… लागलं का हो?"

"लागलं ना," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "पण तक्रार नाही."

काय हा आगाऊपणा! मी डोळे वटारायला गेले, तर मेलं हसूच फुटलं.

झाडांची निगा राखायचा हा धंदा माझ्या आत्याचा. वाळलेल्या फांद्या उतरवणं, चिरलेलं खोड सांभाळणं, आजारी झाड बरं करणं… सगळा कारभार तिचा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कामधंदा काय करतोस?"

"शोधतोय."

"दोर धरायला माणूस हवाय. उद्या सकाळी ये."

आणि तो आला की!

आमची कामाची रीत अशी. कमरेला पट्टा बांधून मी वर. फांदी कापायच्या आधी तिला दोर बांधायचा. त्या दोराचं दुसरं टोक खाली त्याच्या हातात, बुंध्याला वेढे घालून. मी कापलं की त्याने ती अलगद उतरवायची. आणि बोलायचं ते तीनच शब्द — धर, सोड, थांब. वरून शब्द आला की खालच्याने "धरलं!", "सोडतोय!", "थांबलो!" असं उलट सांगायचं, मगच हात हलवायचा. बाकी गप्पा बंद. "वर-खाली गप्पा सुरू झाल्या की कुणाचं तरी डोकं फुटतं," असं आत्या म्हणायची.

पण जेवायच्या सुट्टीत कोण अडवणार?

"काय सरसर चढतेस गं! तुला आता मी खारुताईच म्हणणार."

"खार म्हण हवं तर," मी घाईघाईने म्हटलं. "ताई नको!"

तो असा काही हसला की माझे कान तापले. आत्या डबा बंद करता करता खाकरली. मी उगाच केसांतला भुसा झटकत बसले, आणि तो एक-एक कण मला दाखवत राहिला. "इथे… नाही, इथे… थांब, मीच काढतो."

एकदा मात्र त्याने गंभीरपणे विचारलं, "मला कधी चढू देणार?"

"कधीच नाही. वरची जागा माझी!"

मी थट्टेत म्हटलं, पण मनात तेच होतं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, विसरला असेल. वेडी मी!

मग त्या सकाळी गाडीत आत्या म्हणाली, "ऐकलंस का? दुसऱ्या गावच्या टोळीने बोलावलंय याला. झाडावर चढायला. आज आपल्याकडे शेवटचा दिवस."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"अरे वा!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्या दिवशीचं झाड होतं शाळेच्या आवारातला जुना शिरीष. मैदानावर झुकलेली एक जाड फांदी वाळली होती, ती मुलांची सुट्टी संपायच्या आत उतरवायची होती. वारा भणाणत होता, पानं सळसळत होती. टोकापासून तुकडे पाडत मी आत सरकत आले. धर. धरलं! सोड. सोडतोय! प्रत्येक तुकड्यागणिक वाटायचं, अगं बोल ना… पण बोलणार काय? तो निघाला होता तो माझ्यामुळेच.

शेवटचा तुकडा कापला. तो दोरावर झोकांड्या खात लटकला. आता फक्त 'सोड' म्हणायचं, की काम संपलं. तो टोपी काढणार, हात धुणार, आणि जाणार.

'सोड' म्हणायला मी तोंड उघडलं. आणि बाहेर पडलं ते भलतंच —

"थांब!"

"थांबलो!"

फांदी अधांतरी.

"काय झालं? अडकली का?" आत्या ओरडली.

"नाही!"

"मग? किती वेळ थांबू?" तो मान वर करून विचारत होता. वेढे घट्ट धरलेले, चेहरा घामाने निथळलेला…

"कायमचा!" मी ओरडले. "जाऊ नकोस! मला आवडतोस तू!"

बाई गं! अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. शाळेचा शिपाईसुद्धा झाडू टाकून बाहेर आला.

"कायमचं काय ते मागून ठरवा," आत्या कडाडली, "आधी ते लाकूड खाली घ्या!"

"सोड…" मी कशीबशी म्हणाले.

"सोडतोय!" त्याचा आवाज थरथरत होता, पण फांदी मात्र पिसासारखी उतरली.

मी खाली आले. तो समोर आला, पण हसत नव्हता.

"तूही मला आवडतेस," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण तिथे मला चढायला मिळणार आहे गं… इथे मी जन्मभर खालीच?"

बरोबरच होतं त्याचं. मी कमरेचा पट्टा सोडला. त्या पट्ट्याला मी आजवर कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. तो त्याच्या हातात ठेवताना जीव थोडा कळवळला, खोटं कशाला बोलू?

"उद्याचं झाड तुझं. परवाचं माझं. चालेल?"

"आणि तू खाली? तुला करमेल?"

"वर बघायला तू असशील ना…"

आत्ता कुठे तो हसला! आत्याने आभाळाकडे पाहत हात जोडले. त्याने खिशातून फोन काढला, तिकडच्या मुकादमाला लावला आणि माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला, "नाही येत, दादा… नाही हो, तुमचं काहीच चुकलं नाही… मला इथे दोर धरायला भरवशाचं माणूस मिळालंय."