गाळलेला रकाना

या, अशा जवळ सरका. सांगते ते देवाला साक्षी ठेवून सांगते, रचलेलं एक अक्षर नाही.

होंडुरासमधलं आमचं गाव, वादो ओंदो. पुरानंतरचा चौथा महिना. मंगळवार, भर दुपार.

मदत कचेरीच्या संगणकावर बेपत्ता माणसांचा तक्ता होता. नाव, वय, वाडी, घर… आणि शेवटचा फोन. लोकांनी ज्या रकान्यावर बोट ठेवावं, त्या क्रमानं यादी लागायची.

तक्ता कचेरीत काम करणाऱ्या नोएमीच्या हाती. रकान्याचं नाव बाहेरून येतं आणि थेट संगणकाच्या हुकमात शिरतं. कुणी नावाच्या जागी भलताच हुकूम लिहून सगळा तक्ताही पुसून टाकेल. म्हणून तिनं रकान्यांची पाच नावं लिहून ठेवली. एवढीच आत. भलतं मागणाऱ्याला गुपचूप नावाच्या क्रमानं यादी.

शहाणपणाचंच काम.

कचेरीचे मुख्य, रेमिहियो साहेब, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पाचाची चार कर, पोरी. शेवटचा फोन काढ."

"साहेब, त्यावरूनच तर कळतं. पुराचा भोंगा वाजला त्याच्या दोन तास आधीपासून माणसं आपल्या कचेरीला फोन करत होती."

"म्हणूनच. आणि तुझी मावशी काय फोनातून परत येणार आहे?"

वरच्या वाडीतल्या तोमासा मावशीनंच तिला वाढवलं होतं. तीही त्याच तक्त्यात.

नोकरी जाण्याच्या भीतीनं नोएमीनं त्या रकान्याचं नाव खोडलं.

त्याच दुपारपासून…

रोज तीन वाजून दहा मिनिटांनी मागणी यायची. शेवटचा फोन.

उत्तरात नावाचाच क्रम.

पुन्हा मागणी.

येत होती वरच्या वाडीच्या चौकीतल्या संगणकावरून.

ती चौकी तर पुरात वाहून गेली होती.

"भुतांना संगणक कधीपासून यायला लागला गं?" साहेब हसले.

नवव्या दिवशी तिनं यादी उघडली. नावाच्या क्रमात पहिली अबेलिना हवी.

पहिली होती… तोमासा.

परवानगी असलेल्या रकान्यांची नावं तिनं तीनदा मोजली. चारच.

मावशीच्या ओळीत शेवटचा फोन… आजचा. तीन दहा.

भिंतीवरच्या घड्याळात तीन नऊ.

फोन वाजला.

"उचलू नकोस!" साहेबांचा चेहरा पांढराफटक.

तिनं उचलला नाही.

वाजत राहिला… वाजत राहिला… आणि थांबला.

त्यानंतर मागणी आली नाही. रकाना आजही बाहेरच आहे.

आमचे पाद्री गाऊन उपदेश करतात, सगळं प्रार्थनाघर टाळ्यांवर डोलतं. नोएमी तेवढी दाराकडे कान लावून बसते. मला एकदाच म्हणाली, "त्या दिवशीही असाच वाजून थांबला असेल ना गं?"



आज हात जोडाल तेव्हा तोमासाचं नाव घ्या, मायबापहो. तिचं कुणी ऐकलं नाही.