दहा माणसं बाहेर आहेत

‘एका वर्गात ५० मुले आहेत. त्यांपैकी ३२ मुलांना क्रिकेट आवडते, २७ मुलांना बुद्धिबळ आवडते आणि ६ मुलांना यांपैकी काहीच आवडत नाही. तर दोन्ही आवडणारी मुले किती?’

शाल्मलीने प्रश्न चौथ्यांदा वाचला आणि वैतागून पाटी ढकलून दिली. पण चंद्रावर धड आदळआपटही करता येत नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे पाटी आरामात खाली उतरत आजोबांच्या पायाशी जाऊन टेकली.

“बत्तीस आणि सत्तावीस एकोणसाठ, वर ते सहा आळशी. पन्नास मुलांच्या वर्गात पासष्ट मुलं! पेपर काढणाऱ्यांना सरळ वर्गात जाऊन मुलांना हात वर करायला सांगता येत नाही का?”

आजोबा म्हणजे डॉ. वामन टिपणीस, वसाहतीतले खगोलशास्त्रज्ञ. शाल्मलीची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती आणि सरावाच्या प्रत्येक पेपरात ती नेमकी याच गणितात गुण घालवत होती. तरी ते जराही न चिडता म्हणाले, “त्या बत्तीसांत कोण कोण आहे, ते पाहिलंस का?”

“क्रिकेट आवडणारी मुलं! आणखी कोण असणार?”

आजोबा काही बोलणार, तेवढ्यात भोंगा वाजला.

सौरवादळ (सूर्यावर स्फोट झाल्यावर तिथून सुटणाऱ्या विद्युतभारित कणांचा मारा) येत होतं. पृथ्वीला हवेचं आणि चुंबकीय क्षेत्राचं पांघरूण असतं. चंद्र उघडाच! म्हणून वसाहतीत मातीच्या जाड थराखाली एक निवारा खोदलेला होता. अर्ध्या तासाच्या आत सगळ्यांनी तिथे पोचायचं आणि दार लावून घ्यायचं. दोघंही धावत सुटले.

सगळे आलेले दिसत होते. दार मात्र लागेना.

दार लावायचं काम दक्षकडे होतं. दक्ष हा परवाच पृथ्वीवरून आलेला यंत्रमानव. त्याला अजून कुणाचं नाव ठाऊक नव्हतं, चेहरे ओळखता येत नव्हते. शेतघर आणि बर्फखाण या वसाहतीच्या दोन्ही विभागांनी त्याला नुसते आकडे कळवले होते. एकही माणूस बाहेर असेल, तर दार लावायचं नाही, असा त्याचा नियम होता. तो माणसांनीच केला होता, कारण घाबरलेली माणसं दार जरा लवकरच लावतात.

“आत चाळीस माणसं आहेत,” दक्ष म्हणाला. “शेतघरात काम करतात पंचवीस, बर्फखाणीत एकोणीस. दोन्हीकडे नसलेले सहा. एकूण पन्नास. दहा माणसं बाहेर आहेत.”

“अरे बाबा, बाहेर काळं कुत्रंसुद्धा नाही!” शेतघराचे प्रमुख भोईटेकाका ओरडले.

“कुत्र्याचा आकडा मला दिलेला नाही. दहा माणसं बाहेर आहेत.”

“माझी सगळी माणसं इथे आहेत! लाव म्हणतो ना दार!”

“दहा माणसं बाहेर आहेत.”

शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय हा ठोंब्या! वादळ डोक्यावर आलंय आणि हा बेरजा करत बसलाय. त्यात कहर म्हणजे, मघाशी तिने पाटीवर केली होती तशीच बेरीज. समोर फिलोमिनाताई उभी होती. ती सकाळी शेतघरात पालक खुडायची आणि दुपारी बर्फखाणीत यंत्र चालवायची. म्हणजे दक्षने तिला पंचविसांत मोजलं आणि पुन्हा एकोणिसांतही...

“अरे, तू एकाच माणसाला दोनदा मोजतोयस!” ती किंचाळलीच. “शेतघराच्या पंचविसांत दोन्हीकडे काम करणारेही आहेत. बर्फखाणीच्या एकोणिसांत पुन्हा तेच आहेत! आता ऐक. चाळिसांतून ते सहा काढले, राहिले चौतीस. तुझी बेरीज पंचवीस अधिक एकोणीस, म्हणजे चव्वेचाळीस. चव्वेचाळिसांतून चौतीस गेले, दहा. दहा जण दोन्हीकडे काम करतात, म्हणून ते दोनदा मोजले गेले. बाहेर कुणी नाही. लाव दार!”

आजोबांचा चेहरा खुलला. उत्तर अगदी पेपरात लिहावं तसं होतं.

“एकूण माणसं चाळीसच, असं तू धरून चाललीस,” दक्ष म्हणाला. “परीक्षेत एकूण किती ते दिलेलं असतं. इथे तेच शोधायचं आहे. दोन्हीकडे काम करणारे सातच निघाले, तर तीन माणसं बाहेर आहेत.”

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि याचाच शाल्मलीला सगळ्यांत जास्त संताप आला.

“खडू द्या!” ती भोईटेकाकांवर खेकसली. त्यांनी वाफ्यांवर खुणा करायचा खडू निमूटपणे काढून दिला. तिने जमिनीवर दोन मोठी वर्तुळं काढली, थोडी एकमेकांवर चढलेली.

“डावं वर्तुळ शेतघराचं, उजवं बर्फखाणीचं. फक्त शेतघरात काम करणारे डावीकडे जा, फक्त बर्फखाणीतले उजवीकडे. दोन्हीकडचे मध्ये, वर्तुळं एकमेकांवर आलीत तिथे. बाकीचे भिंतीपाशी. काका, नुसते बघत काय उभे राहिलात? चला!”

अशी वर्तुळं म्हणजे संच (ठरावीक गुण असलेल्यांचा गट) दाखवायची सोपी रीत. मधला सामाईक तुकडा म्हणजे छेदसंच (दोन्ही गटांत असलेल्यांचा गट). पण कुरकुरणारी, एकमेकांच्या पायांवर पाय देणारी मोठी माणसं त्यात उभी करायची म्हणजे नाकीनऊ येतात. अखेर सगळे उभे राहिले. शाल्मलीने मधला तुकडा मोजला.

नऊ.

तिने पुन्हा मोजलं. नऊच.

“पंचवीस अधिक एकोणीस चव्वेचाळीस,” ती सावकाश म्हणाली. “नऊ जण दोनदा मोजले गेले, म्हणून एकदा वजा करायचे. पस्तीस. अधिक भिंतीपाशी आम्ही सहा...”

“एक्केचाळीस,” दक्ष म्हणाला. “आत चाळीस आहेत.”



शाल्मलीने मधल्या नऊंना धरून उजवं वर्तुळ मोजलं. एकोणीस, बरोबर भरले. मग तसंच डावं मोजलं. चोवीस! “शेतघरातलं एक माणूस कमी आहे. आणि ते बर्फखाणीत न जाणारं आहे, कारण तो गट पूर्ण आहे. काका, कोण?”

भोईटेकाकांचा चेहरा उतरला. “नजमा. ती नवी मुलगी, काल रुजू झाली. पंचवीस हा आकडा मीच कळवला, तिला धरून! अळंबीच्या खोलीत असणार ती. तिथे भोंगा ऐकू येत नाही.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दक्ष धावत गेला होता. उघड्या दाराकडे बघत सगळे आपापल्या जागी उभे राहिले. थोड्या वेळापूर्वी ते दार लागत नाही म्हणून भांडणारी हीच माणसं! शाल्मलीला सगळ्यांचा राग आला, आणि त्यांच्याबरोबर ओरडणाऱ्या स्वतःचाही.

दक्ष परतला, तेव्हा एक मुलगी त्याच्या हाताला धरून धापा टाकत येत होती. दार बंद झालं. वादळाला अजून थोडा अवकाश होता.

“मी आले नाही, हे कुणाच्या लक्षात आलं?” नजमाने विचारलं.

उत्तर शाल्मलीनेच दिलं, कारण खोटं बोलायची तिला लाज वाटली. “कुणाच्याच नाही, ताई. हिशेबात एक माणूस कमी पडलं. तुमचं नाव त्यानंतर आठवलं.”

बाहेर वादळ सुरू झालं. आत आजोबांनी खडू उचलला. “पुढच्या वर्षी आपल्याकडे मासे पाळायला लागतील. तिसरा विभाग! मग वर्तुळं किती?”

“तीन,” शाल्मली वैतागूनच म्हणाली; पण खडू तिने त्यांच्या हातातून काढून घेतला. तीन वर्तुळं एकमेकांवर आली, की तुकडे किती होतात, हे तिला आत्ताच बघायचं होतं. वर्तुळं काढता काढता ती थांबली.

“दक्ष, इकडे ये. आधी तुला सगळ्यांची नावं शिकवते. एक्केचाळीस आहेत, एकही विसरायचं नाही.”

“पहिलं नाव?” दक्षने विचारलं.

“नजमा.”